भ्रम आणि कान

कोल्हापुरांतील छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय पूर्वीं आल्बर्ट एडवर्ड इस्पितळ म्हणून ओळखलें जाई. १८८६ सालीं तेथील स्त्रीकक्षाचें काम डॉ. आनंदीबाई जोशी यांस देऊं करण्यांत आलें; परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या निवर्तल्या. त्या रुजू झाल्या असत्या, तर घेरीनें कोसळणाऱ्या बाईस त्यांनीं कोणतें औषध दिलें असतें?

आपल्या वैद्यकांत या विकारास ‘भ्रम’ म्हणतात. वात, पित्त व रजोगुण हीं त्याचीं कारणें माधवनिदानांत सांगितलीं आहेत. युरोपांत मेंदूंत रक्त दाटलें असें समजून रोग्याचें रक्त काढीत. १८६१ सालीं पॅरिसच्या प्रॉस्पर मेनियर यांनीं दोष अंतःकर्णांत असूं शकतो हें दाखविलें. पुढें शार्को यांनीं क्विनाइन योजिलें. पण अधिक मात्रेनें तेंच कानांत नाद उठवितें! आज बीटाहिस्टीन देतात. तथापि २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन परीक्षणांत झटके कमी करण्यांत तें औषधहीन गोळीहून सरस ठरलें नाहीं.

सारांश, रोगाचें स्थान सांपडलें, हमखास औषध सांपडावयाचें आहे. तरी स्थान कळल्यानें रोग्याचें रक्त वांचलें, हें यश आम्ही लहान मानीत नाहीं.