ट्रकच्या बॅटरीपासून घरच्या दिव्यापर्यंत



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. गॅरेजच्या तेलकट फरशीवर पडलेली बॅटरी हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो, हे पुष्कळांना पटत नाही. परंतु ज्यांच्या घरी जिन्याखाली अथवा पडवीत इन्व्हर्टर बसवलेला आहे, त्यांच्या घरात शंभराहून अधिक वर्षांचे एक भांडण मिटवणारे यंत्र घुमत बसलेले आहे. त्याच्या शेजारची बॅटरी ही ट्रकच्या बॅटरीची सख्खी बहीण. या दोघांचा शेजार कसा जुळला आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रारंभ करावा लागतो तो १८५९ सालापासून. गॅस्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे मधे कापड घालून गुंडाळले आणि पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडवले. त्यांतून विजेचा प्रवाह सोडला की पत्र्यांच्या पृष्ठभागात रासायनिक बदल होई. प्रवाह थांबवून तारा दिव्याला जोडल्या की तोच बदल उलटा घडून वीज परत मिळे. तोपर्यंतची बॅटरी एकदा संपली की संपली. ही मात्र विहिरीसारखी होती, उपसावी आणि पुन्हा भरू द्यावी. अडचण एकच. पत्रे कामायोग्य होण्यासाठी महिनेच्या महिने भरणे-उपसणे करीत बसावे लागे. १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लेप पत्र्यांना आधीच देऊन हा काळ वाचवला. त्याच साली फोरच्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन या थोर पदार्थवैज्ञानिकाकडे गेली, तेव्हा पेटीत भरून वीज परगावी नेता येते याचेच लोकांना नवल वाटले.

पुढच्याच वर्षी, ४ सप्टेंबर १८८२ रोजी, एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घराघरांत दिव्यांसाठी वीज देण्यास आरंभ केला. ही वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे आपण व्यवहारात जिला डीसी म्हणतो ती एकदिश वीज होती. बॅटरीतून निघणारी वीजही त्याच जातीची. त्यामुळे अशा वीजघरांत बॅटऱ्यांच्या रांगा मांडता येत. मध्यरात्रीनंतर चार दिवे उरले की जनित्र थांबवावे आणि पहाटेपर्यंत बॅटरीवर काम भागवावे, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी पडला. वीज निर्माण करणे आणि वीज साठवणे ही दोन कामे तेव्हा एकाच छपराखाली नांदत होती.

हा संसार मोडला तो प्रत्यावर्ती, म्हणजे एसी विजेने. एकदिश वीज कमी दाबाने दूरवर नेली तर ती तारा तापवण्यातच खर्च होते. प्रत्यावर्ती विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने हवा तितका चढवता येतो, आणि गावाच्या वेशीवर पुन्हा उतरवता येतो. टेस्लाच्या कल्पना आणि वेस्टिंगहाऊसचे भांडवल यांच्या जोरावर हा पक्ष जिंकला. १८९६ साली नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली, तेव्हा वादाचा निकाल लागल्यासारखाच झाला. आपल्याकडे १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली, ती याच मार्गाने.

परंतु या विजयाची एक किंमत होती. प्रत्यावर्ती वीज बॅटरीत जशीच्या तशी भरता येत नाही. जी दर सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, ती एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. घटात शिल्लक राहते शून्य. म्हणून वीज दूर गेली, स्वस्त झाली, पण साठवणीला मुकली. कोठार नसलेल्या बाजारपेठेसारखी तिची अवस्था झाली. क्षणाची निर्मिती त्याच क्षणी खपली पाहिजे, आणि निर्मिती तुटली की त्याच क्षणी अंधार.

मग ही साठवणीची विद्या गेली कोठे? काही प्रमाणात ती टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये राहिली. गावातले दिवे गेले तरी जुना टेलिफोन बोलत असे, तो तिथल्या बॅटऱ्यांच्या आधारावर. परंतु तिला घराघराच्या दारापर्यंत आणले ते मोटारीने.

प्रारंभीच्या मोटारी हॅण्डल मारून चालू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग हा अमेरिकन अभियंता आधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याचे काम करीत असे. तिथे त्याने एक गोष्ट हेरली होती. जी मोटर क्षणभरच चालायची आहे, तिच्याकडून तिच्या ताकदीपलीकडचे काम घेतले तरी ती जळत नाही. हाच विचार त्याने इंजिन फिरवण्यास लावला, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत बॅटरीवर चालणारा ‘सेल्फ’ आला. गाडी चालू झाली की डायनॅमोने बॅटरी पुन्हा भरायची, अशी ही व्यवस्था होती. एडिसनच्या वीजघरातली जुनी जोडी, निर्मिती आणि साठवण, आता गाडीच्या बॉनेटखाली राहावयास आली.

याच केटरिंगने पुढे मोटारीतली ही विद्या उलट घराकडे वळवली. जिथे विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या अशा अमेरिकन शेतवस्त्यांसाठी १९१६ साली ‘डेल्को-लाइट’ नावाचा संच बाजारात आला. एक लहान इंजिन, एक जनित्र आणि बॅटरीचे सोळा घट, मिळून दाब ३२ व्होल्ट. शेतकऱ्याच्या घरी दिवे लागले, पाण्याचा पंप चालला. परंतु ३२ व्होल्टांच्या घरात सगळी उपकरणेही ३२ व्होल्टांचीच लागत. १९३५ नंतर ग्रामीण विद्युतीकरणाची मोठी योजना सुरू होऊन सार्वजनिक तारा दारात आल्या, तेव्हा ही उपकरणे निरुपयोगी झाली. यातून निघणारा बोध साधा आहे. आधाराची वीज मुख्य विजेच्या जातीची नसेल, तर घरात दोन संसार मांडावे लागतात.

आता थोडे ट्रककडे वळू. डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते. दाबलेली हवा इतकी तापते की तीत फवारलेले तेल आपोआप पेटते. म्हणून जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की त्याला बॅटरीवाचून चालत राहता येते. सारा प्रश्न चालू करण्याचा. हवा इतकी दाबायची तर जोर लागतो, म्हणूनच जड ट्रकमध्ये १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करतात. सेल्फ मारताना त्यांतून काही सेकंद शेकडो अँपियरचा लोंढा निघतो. ज्याची बॅटरी उतरलेली आहे तो शहाणा चालक रात्री गाडी उतारावर उभी करतो, ते उगीच नव्हे! सकाळी गाडी घरंगळू द्यायची आणि गिअर टाकून इंजिन उठवायचे.

आपल्या देशात १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी डाइमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. त्या ट्रकांबरोबर एक विद्याही गावोगाव पसरली. एक-दोन गाड्यांचा मालक घराच्या अंगणातच गाडी उघडू लागला. हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहावी, १.२८ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आणि १.१२ पर्यंत उतरली तर रिकामी, हे शाळेत न शिकलेल्या मिस्त्रीलाही ठाऊक झाले. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच, टर्मिनलवरचा क्षार पुसायचा, भरत असताना जवळ काडी ओढायची नाही, कारण हायड्रोजन वायू निघतो. तार सोडवताना आधी ऋण टोक सोडवायचे, कारण गाडीची सारी चासी बहुधा त्याच टोकाला जोडलेली असते आणि धन टोकावरचा पाना चासीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. हा साऱ्या गॅरेजांचा अलिखित धर्मशास्त्रग्रंथच होता.

बॅटरी अशी अंगणापर्यंत आली. तिला घरातल्या एसी दिव्याशी बोलता यावे यासाठी दुभाषी हवा होता. तोच इन्व्हर्टर. नावाचा अर्थ ‘उलटवणारा’. एसीचे डीसी करणारी यंत्रे आधीपासून होती. हे त्याच्या उलट काम करते म्हणून हे नाव. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या डेव्हिड प्रिन्स याने याच नावाचा लेख लिहिला. त्याचे एक लहान रूप पुन्हा मोटारीतच आढळते. १९३०च्या दशकातल्या मोटार-रेडिओला बॅटरीपेक्षा फार मोठा दाब लागे. त्यासाठी एक पोलादी पट्टी थरथरत ठेवून बॅटरीचा प्रवाह तोडला-जोडला जाई, आणि त्या हेलकाव्यांचा दाब ट्रान्सफॉर्मरने चढवला जाई. पट्टीचा गुणगुणाट ऐकू येई आणि ती झिजेही.

न झिजणारी पट्टी दिली ती अर्धवाहकांनी. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला, १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकने मोठा प्रवाह पेलणारा थायरिस्टर सिद्ध केला. पुढे मॉस्फेट आला. १९८०च्या दशकात त्याच कंपनीत काम करणाऱ्या, मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेल्या बी. जयंत बालिगा यांनी आय.जी.बी.टी. नावाचा स्विच घडवला. आज विजेच्या आगगाड्यांपासून विजेच्या ट्रकांपर्यंत इन्व्हर्टरांत तो काम करतो. घरातल्या पहिल्या स्वस्त इन्व्हर्टरांची लाट चौकोनी असे, म्हणून पंखा कण्हत असे. स्पंदांची रुंदी कमी-अधिक करून गोल लाट घडवण्याची युक्ती घरगुती यंत्रात उतरली, तेव्हा पंख्याचे कण्हणे थांबले.

आपल्या महाराष्ट्रात या यंत्राला खरे दिवस आले ते भारनियमनामुळे. मागणी वाढत गेली, नवी वीजघरे त्या मानाने उभी राहिली नाहीत, दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला. २००५ नंतरच्या वर्षांत खेड्यांना रोज १०-१२ तासांचा अंधार सोसावा लागला. पिकाला पाणी द्यायचे ते रात्री वीज येईल तेव्हा, आणि मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर दिवा नाही! शहरांतल्या ऐपतदार घरांनी इन्व्हर्टर घेतले. मोटारींचे वायरिंग करणाऱ्या मिस्त्रींना नवे गिऱ्हाईक मिळाले.

त्यांना एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा समजावून सांगावी लागे. ट्रकची जुनी बॅटरी घरी जोडून भागत नाही. ट्रकच्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ असतात. ती धावण्याच्या शर्यतीतली, क्षणात सारे बळ देणारी. घरच्या बॅटरीने रात्रभर ओझे वाहायचे असते, म्हणून तिच्यात जाड, नळ्यांच्या आकाराचे पत्रे हवेत. पहिलीला रोज तळापर्यंत उपसले तर तिचे पत्रे थोड्याच काळात झडतात. हिशेबही सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, पावणेदोन युनिटांहून किंचित अधिक. दोन पंखे आणि चार लहान दिवे यांचे काम तीवर ५-६ तास निघते.

आता किमतीचा विचार. बॅटरीत भरताना आणि काढताना वीज गळते. एक युनिट वापरण्यासाठी सव्वा ते दीड युनिट घ्यावे लागते. म्हणजे तुटवड्याच्या दिवसांत इन्व्हर्टर असलेले घर वीज असेल तेव्हा अधिक ओढून घेते, आणि तो भार शेवटी सर्वांच्याच तुटीत मिळतो. माझ्या घरचा दिवा लागतो, तो काही अंशी दुसऱ्याच्या घरचा अंधार वाढवून! शिवाय बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा. ते शिसे पुन्हा वापरता येते, हा मोठा गुण; पण वस्तीत चूल पेटवून ते वितळवले तर धूर मुलांच्या रक्तात जातो आणि बुद्धीची वाढ खुंटवतो. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २००१ आणि २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तरी ती नोंदणीकृत ठिकाणी परत देणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

घरोघरच्या उपायाखेरीज दुसरा उपाय नव्हता काय? होता, आणि तो पुण्यातच करून पाहिला गेला. शहरात सुमारे ९० मेगावॅटची तूट होती, आणि कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रे पडून होती. २००६ साली उद्योजकांच्या संघटनेने पुढाकार घेतला, वीज नियामक आयोगाने संमती दिली. कारखान्यांनी टंचाईच्या वेळी आपली जनित्रे चालवायची, वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि डिझेलचा वाढीव खर्च ग्राहकांनी बिलातून वाटून घ्यायचा. कमी वीज वापरणाऱ्या घरांना त्यातून वगळले. यावर आक्षेपही आले, आणि ते रास्त होते. ज्या गावाकडे असे कारखाने नाहीत, त्याने काय करावे? तथापि एवढे सिद्ध झाले की आधाराची वीज ही शहराने मिळून बांधण्याची गोष्टही होऊ शकते.

इतिहासाचे चाक आता पुन्हा फिरत आहे. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी होऊन विजेची मोठी टंचाई झाली. पुढच्याच वर्षी निसान कंपनीने आपल्या विजेच्या मोटारीतून घराला वीज देणारी योजना बाजारात आणली. म्हणजे बॉनेटखाली राहावयास गेलेली साठवण शंभर वर्षांनी माहेरी परतू लागली. छपरावरचे सौर पत्रेही एकदिश वीजच देतात, आणि त्यांनाही इन्व्हर्टर हाच दुभाषी लागतो. एडिसन आणि टेस्ला यांच्या वादात कोणीच पुरता हरला नव्हता, हे आपल्याला आज कळते आहे.

गॅरेजमधला जाणता मिस्त्री पहाटे अडलेल्या ट्रकची गाठ पडली की नुसती बॅटरी बदलून पैसे घेत नाही. बॅटरी का उतरली, हे आधी शोधतो. डायनॅमो भरत नसेल तर नवी बॅटरीही चार दिवसांत बसेल, हे त्याला ठाऊक असते. आपण नागरिकांनी त्याच्यापासून शिकावे ते हेच. घरात इन्व्हर्टर जरूर असावा. पण तो आला म्हणून वीज का गेली हे विचारण्याचे सोडले, तर आपण नगराचा बिघाड दुरुस्त केला नाही, फक्त आपल्यापुरता झाकला. शेजारच्या घरात दिवा नाही, तोवर तो प्रश्न आपण विचारीत राहिले पाहिजे.