एक गोळी की मूठभर छर्रे?

ज्या भाषेत मनापासून केलेल्या छोट्या मदतीला ‘खारीचा वाटा’ म्हणतात आणि खारीच्या पाठीवरच्या पट्ट्यांत रामाची बोटे दिसतात, त्या भाषेच्या वाचकाला खारीची शिकार ही कल्पनाच खटकेल. पण अमेरिकेच्या पूर्व भागात, ओहायोपासून जॉर्जियापर्यंत पसरलेल्या ओक आणि हिकरीच्या रानांत ती निदान तीनशे वर्षे चालत आली आहे. तिथली खार आपल्या अंगणातल्या खारीएवढी चिमुकली नसते. करडी खार अर्ध्या किलोच्या आसपास भरते, तांबूस ‘फॉक्स’ खार तिच्या जवळजवळ दुप्पट. व्हर्जिनियातील ब्रन्स्विक परगण्याच्या नावाने ओळखला जाणारा रस्सा मुळात खारीच्याच मांसाचा होता. ही शिकार करणाऱ्याला पहाटे घराबाहेर पडताना एक निवड करावी लागते. हाती रायफल घ्यावी की छर्ऱ्यांची बंदूक? रायफल एकच गोळी लांबवर आणि अचूक टाकते. नेम डोक्यावर बसला तर सारे मांस शाबूत राहते, चुकला तर हाती काहीच लागत नाही. छर्ऱ्यांची बंदूक शेकडो बारीक छर्रे पसरवून मारते. पळती खारही तिच्या टप्प्यात येते, पण पुढे ताटात एखादा छर्रा दाताखाली येण्याची तयारी ठेवावी लागते. हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो. त्याचा माग काढत मागे गेलो, की त्याचे उत्तर शिशाच्या भावाने, पोटाच्या गरजेने आणि रानाच्या दाटीने ठरवलेले आपल्याला दिसते.

आपण पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून निघू. त्या सुमारास जर्मन भाषिक मुलखातील कारागिरांनी बंदुकीच्या नळीला आतून आटे पाडायला सुरुवात केली. हे आटे सरळ नसत, मळसूत्रासारखे फिरत जात. त्यांतून सुटलेली गोळी स्वतःभोवती गिरकी घेत जाई आणि भरकटत नसे. रायफल हे नावही या आट्यांवरूनच पडले. पुढे जर्मन शिकाऱ्यांची ‘येगर’ नावाची आखूड, जाड नळीची रायफल प्रसिद्ध झाली. रानडुक्कर आणि हरणासारख्या मोठ्या जनावरासाठी ती उत्तम होती. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जर्मन आणि स्विस निर्वासित पेनसिल्व्हेनियात उतरले. त्यांच्याबरोबर बंदूक घडवणारे कारागीरही आले आणि लँकेस्टरच्या आसपास त्यांनी भट्ट्या पेटवल्या. नव्या मुलखात त्यांच्या हातांखाली येगरचे रूप पालटत गेले. नळी लांबत साडेतीन-चार फुटांवर गेली, दस्ता तिथल्या लहरदार मेपलच्या लाकडाचा झाला आणि नळीचे भोक लहान होत गेले. पुढे हीच बंदूक ‘केंटकी रायफल’ म्हणून गाजली, जरी तिचा जन्म पेनसिल्व्हेनियातला होता.

भोक लहान का झाले, याचे उत्तर शिशात आहे. सीमेवरच्या वसाहतवाल्याला दारू आणि शिसे दोन्ही विकत आणावे लागे आणि डोंगर ओलांडून घोड्याच्या पाठीवरून घरी न्यावे लागे. 0.60 इंच व्यासाच्या जुन्या येगरसाठी एक पौंड शिशात जेमतेम बावीस गोळ्या ओतल्या जात. 0.32 इंचाच्या नळीसाठी तेवढ्याच शिशात दीडशेहून अधिक गोळ्या निघत. हरणाला ही बारीक गोळी अपुरी पडे, पण खारीसाठी पुरून उरे. बारीक नळीच्या या बंदुकांना ‘स्क्विरल रायफल’, म्हणजे खारीची रायफल, असे नावच पडले. ठासणीची ही बंदूक भरण्याची रीतही काटकसरीची होती. तेलात भिजवलेल्या कापडाच्या तुकड्यात गोळी गुंडाळून ती गजाने खाली दाबायची. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असली तरी कापड आट्यांत घट्ट बसे. छर्ऱ्याच्या एका बारात साधारण एक औंस शिसे जाई, म्हणजे खारीच्या रायफलीच्या जवळजवळ दहा गोळ्यांचे. ज्या घरात शिसे मोजून वापरले जाई, तिथे रायफल की छर्रे हा प्रश्न पडतच नव्हता.

न्यू इंग्लंडच्या जुन्या वसाहतींत मात्र गुळगुळीत नळीच्या बंदुकाच अधिक होत्या. त्यांत गोळीही भरता येई आणि छर्रेही, त्यामुळे बदकांपासून हरणापर्यंत सगळे एकाच बंदुकीने भागे. रायफल ही पेनसिल्व्हेनियाची आणि तिथून दक्षिणेकडे अपलाचियन डोंगरांत पसरलेल्या वस्तीची खूण होती.

त्या काळात खार जेवढी शिकार, तेवढीच शत्रूही होती. कोवळ्या मक्याची कणसे ती फस्त करी, पेरलेले दाणे उकरून खाई. लिनियसचा शिष्य पेर काल्म हा वनस्पतिशास्त्रज्ञ 1748 मध्ये अमेरिकेत आला. त्याने नोंदवले आहे की पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने प्रत्येक मारलेल्या खारीमागे तीन पेन्स बक्षीस लावले होते आणि 1749 च्या एका वर्षात त्यापोटी तब्बल 8,000 पौंड द्यावे लागले. आपण हिशेब मांडला तर ही संख्या 6,40,000 खारींची होते. लोक हातची कामे सोडून रानात धावले, तिजोरी रिकामी होऊ लागली आणि अखेर बक्षीस निम्म्यावर आणावे लागले. ओहायोने 1807 मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. कर भरणाऱ्याने करासोबत खारींची टाळूची कातडीही जमा करायची, किमान दहा आणि जास्तीत जास्त शंभर, असा कायदाच त्या राज्याने केला. 1822 मध्ये कोलंबसच्या आसपासच्या फ्रँकलिन परगण्यात सामुदायिक शिकार झाली, तेव्हा 19,660 टाळू मोजले गेले. हे आकडे वाचताना मन थबकते. पण त्या शेतकऱ्याचे हिवाळ्याचे धान्य त्या मक्यातच होते, हेही आपण विसरू नये.

याच दिवसांत नेमबाजीची एक आख्यायिका जन्मली. चित्रकार आणि पक्षिनिरीक्षक जॉन जेम्स ऑड्युबॉन याने 1831 मध्ये लिहिले, की केंटकीत सीमेवरचा नामांकित शिकारी डॅनियल बून याला त्याने स्वतः खारी मारताना पाहिले. बून खारीला गोळी मारतच नसे. ती ज्या फांदीला बिलगून बसे तिच्या सालीवर, अगदी तिच्या अंगाखाली, तो नेम धरी. साल उडे आणि त्या धक्क्यानेच खार निष्प्राण होऊन खाली पडे. अंगावर ओरखडाही नसे. या कौशल्याला ‘बार्किंग’ म्हणतात, कारण इंग्रजीत सालीला बार्क हा शब्द आहे. इतिहासकार या भेटीवर शंका घेतात. बूनने 1799 मध्येच केंटकी सोडून मिसूरी गाठली होती आणि ऑड्युबॉन त्यानंतर कित्येक वर्षांनी केंटकीत आला. मलाही ही भेट कल्पनेतली वाटते. पण बारीक नळीच्या रायफलीवर लोकांचा किती विश्वास होता, ते या कथेतून कळते.

आता नदीच्या दुसऱ्या काठाने, छर्ऱ्यांच्या बाजूने, थोडे मागे जाऊन चालू. छर्रा गोल आणि एकसारखा नसेल तर तो वेडावाकडा उडतो, आणि साचात एकेक छर्रा ओतणे महाग पडते. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात नळकाम करणाऱ्या विल्यम वॉट्सने यावर तोड काढली आणि 1782 मध्ये तिचे पेटंट घेतले. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून सोडायचे. खाली पाण्यात पडेपर्यंत थेंब आपोआप गोल होतात. त्यासाठी त्याने आपल्या घरावर मनोरा चढवला. ही युक्ती अटलांटिक ओलांडून गेली. 1807 मध्ये व्हर्जिनियाच्या डोंगरांत, शिशाच्या खाणींजवळ, जॅक्सन फेरी येथे दगडी मनोरा उभा राहिला. तो पंच्याहत्तर फूट वर गेला आणि त्याच्या तळाशी तेवढीच खोल विहीर खणली गेली. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात थॉमस स्पार्क्स आणि जॉन बिशप यांनी विटांचा मनोरा बांधला. बिशप युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाचा होता. 1812 चे युद्ध सुरू होऊन मनोऱ्यात युद्धासाठी शिसे ओतले जाऊ लागले, तेव्हा त्याने आपला वाटा सोडून दिला. 1828 मध्ये बाल्टिमोरचा फिनिक्स मनोरा 234 फुटांवर पोहोचला आणि काही काळ तो त्या देशातली सर्वांत उंच इमारत होता. शिशाचा हा पाऊस पडू लागला आणि छर्रे किराणा दुकानात पिशवीतून मिळू लागले.

बाकीचे अडथळेही एकामागून एक दूर झाले. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी आणि बार यांमध्ये क्षणभर अंतर पडे, आणि तेवढ्यात पक्षी किंवा खार हलून जाई. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचा धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ स्वतः पक्ष्यांची शिकार करी, आणि या विलंबाला कंटाळूनच त्याने आघाताने पेट घेणारे स्फोटक मिश्रण वापरून 1807 मध्ये नव्या खटक्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे असे मिश्रण भरलेल्या इवल्या टोपीवर चालणारी ‘टोपीची बंदूक’ आली. मग 1860 आणि 1870 च्या दशकांत इंग्लंडमध्ये पेप आणि ग्रीनर या बंदूककारांनी, अमेरिकेत इतरांनी, नळीचे तोंड किंचित आवळण्याची रीत पक्की केली. तिला ‘चोक’ म्हणतात. आवळलेल्या तोंडातून छर्रे एकत्र राहून लांब जाऊ लागले, आणि उंच झाडाच्या शेंड्यावरची खारही टप्प्यात आली. आपल्याकडे गावोगावी ऐकू येणारा ‘बारा बोअर’ हा शब्दही एका पौंड शिशात किती गोळ्या निघतात, या जुन्या हिशेबातून आला आहे. ज्या मापाच्या बारा शिसगोळ्या मिळून एक पौंड होतात, ते त्या नळीचे माप.

दरम्यान जुनी खारीची रायफल माणसांविरुद्धही मैदानात उतरली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1862 च्या सप्टेंबरात, दक्षिणेचे सैन्य ओहायोतील सिनसिनाटी शहराच्या दिशेने आले. ओहायोचे गव्हर्नर डेव्हिड टॉड यांनी हाक दिली आणि शेतांतून, खेड्यांतून 15,766 माणसे स्वतःच्या बंदुका घेऊन शहरात दाखल झाली. त्यांना ‘स्क्विरल हंटर्स’ म्हटले गेले. शहराचा बंदोबस्त ज्यांच्याकडे होता ते लू वॉलेस पुढे ‘बेन-हर’चे लेखक म्हणून गाजले. दक्षिणेचे सैन्य मोठी लढाई न करताच मागे फिरले. ठासणीच्या रायफलीचे दिवस मात्र भरत आले होते.

त्यानंतरचे वळण एका फ्रेंच करमणुकीतून आले. लुई-निकोला फ्लोबेर याने 1845 मध्ये दिवाणखान्यात निशाणेबाजी खेळण्यासाठी इवले काडतूस केले, ज्यात टोपी आणि गोळी एकत्रच होत्या. 1857 मध्ये स्मिथ अँड वेसन यांनी त्याचे .22 शॉर्ट, म्हणजे 0.22 इंची नळीचे काडतूस, केले, आणि 1887 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्टीव्हन्स कारखान्याने .22 लाँग रायफल हे काडतूस बाजारात आणले. त्यात अवघी 40 ग्रेनची गोळी असते, खारीच्या जुन्या रायफलीच्या गोळीपेक्षाही हलकी. लाथ नाही, धूर थोडा, किंमत नगण्य. मुलाच्या हाती पहिली बंदूक म्हणून .22 दिली जाऊ लागली आणि पहिली शिकार म्हणून खार.

मग वाद मिटायला हवा होता. पण रानच बदलले. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडची जंगले साफ होत होती. 1904 मध्ये न्यू यॉर्कमध्ये आढळलेल्या बुरशीने चेस्टनटची अब्जावधी झाडे मारली, आणि त्यांच्याबरोबर खारींचे हक्काचे अन्न गेले. ज्या राज्यांनी टाळूंवर बक्षिसे लावली होती, तीच आता हंगाम आणि रोजची मर्यादा ठरवू लागली. 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवला. आजही हा कर रायफल आणि छर्ऱ्यांच्या बंदुकीवर 11 टक्के आहे. रानाच्या कडेला घरे आली आणि .22 च्या डबीवर इशारा छापला जाऊ लागला, की ही गोळी दीड मैलापर्यंत घातक ठरू शकते. खारीसाठी वापरले जाणारे सहा नंबरचे छर्रे मात्र दोन-अडीचशे यार्डांत जमिनीवर येतात. जुना प्रश्न नव्या कारणाने पुन्हा उभा राहिला. काहींनी निवडच टाळली. पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या कारागिरांनी एकाच दस्त्यावर आट्यांची आणि गुळगुळीत अशा दोन नळ्या बसवल्या होत्या. स्टीव्हन्सने 1930 च्या दशकाच्या अखेरीस तीच कल्पना वर .22 आणि खाली .410 छर्ऱ्यांची नळी अशी आणली, आणि 1950 पासून ती सॅव्हेज मॉडेल 24 म्हणून घराघरांत पोहोचली.

महाराष्ट्रात हा प्रश्न कुणाला पडत नाही. आपला राज्यप्राणी शेकरू हीसुद्धा एक मोठी खारच आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची शिकार बंद आहे. ती बंदी तशीच राहावी. ओहायोत मात्र खारीचा हंगाम आजही 1 सप्टेंबरला उघडतो आणि 31 जानेवारीला मिटतो. सप्टेंबरात हिकरीला पान दाट असते, खार दिसते ती फक्त हलत्या पानांतून, क्षणभर. तेव्हा छर्ऱ्यांची बंदूकच योग्य, आणि घरांजवळच्या रानात तर तीच एकमेव. पाने झडल्यावर, खार जाड खोडाला किंवा जाड फांदीला टेकून बसलेली असेल आणि गोळी त्या लाकडातच अडणार असेल, तर .22. मागे नुसते आकाश दिसत असेल, तर रायफल खाली घ्यावी.