पँचो अँड लेफ्टी : दरोडेखोर, दगाबाज मित्र आणि दोन गायक

खान्देशात तंट्या भिल्लाचं नाव ऐकलं नाही असा माणूस क्वचितच सापडेल. वर्षानुवर्षे इंग्रजांना हुलकावणी देणारा तंट्या १८८९ मध्ये पकडला गेला, तो मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने, गणपतने दगा दिला म्हणून. जबलपूरला त्याला फाशी झाली. आपल्याकडे गोष्ट तिथेच संपते. पण दगा देऊन जिवंत राहणाऱ्याचं पुढे काय होतं?

अमेरिकेतल्या एका गाण्यात हाच प्रश्न आहे. गाण्याचं नाव ‘पँचो अँड लेफ्टी’ आणि याच नावाचा अल्बम १९८३ मध्ये आला. गायक दोन : विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड.

विली हा ‘आउटलॉ कंट्री’चा मोठा चेहरा. कंट्री म्हणजे तिथल्या गावाकडचं, कष्टकऱ्यांचं संगीत. सत्तरच्या दशकात नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपन्यांचे नियम झुगारून आपल्या मनासारखं गाणाऱ्यांना ‘आउटलॉ’, म्हणजे कायदा न मानणारे, असं नाव पडलं. मर्लने तर खरोखरच सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात शिक्षा भोगली होती. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला माफी दिली.

हे गाणं टाउन्स व्हॅन झँटने लिहिलं आणि १९७२ मध्ये स्वतः गायलं होतं. दहा वर्षांनी टेक्सासमध्ये विलीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना त्याच्या मुलीने, लानाने, ते सुचवलं. तेव्हा मर्ल बसमध्ये झोपला होता. विलीने त्याला मध्यरात्री उठवून गायला लावलं. सकाळी मर्ल म्हणाला, पुन्हा गातो. पण टेप न्यूयॉर्कला रवाना झाली होती! तेच गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

गाण्यात दरोडेखोर पँचो मारला जातो आणि त्याच दिवशी लेफ्टी गाव सोडतो. प्रवासाला पैसे कुठून आले, हे कोणालाच माहीत नाही. त्यानेच दगा दिला असं गाणं थेट म्हणत नाही. पँचोची गाणी होतात, लेफ्टी मात्र स्वस्त हॉटेलात एकटा म्हातारा होतो. शेवटचं कडवं तुरुंग पाहिलेला मर्ल गातो आणि आपल्याला लेफ्टीचीही कीव येते.