कांस्ययुग

फ्रेंच शिल्पकार ओग्यूस्त रॉदँ (१८४०-१९१७) यांचे पूर्णाकृती ब्राँझशिल्प. ओग्यूस्त नेट या बेल्जियन सैनिकाला समोर उभे करून रॉदँ यांनी ही नग्न पुरुषाकृती ब्रुसेल्समध्ये घडविली. प्रारंभी तिच्या डाव्या हातात भाला होता. तो पुढे वगळण्यात आला. १८७७ मध्ये ब्रुसेल्स आणि पॅरिस येथे तिची प्लास्टरमधील प्रतिमा प्रदर्शित झाली, तेव्हा ती इतकी सजीव भासली, की प्रत्यक्ष देहावरूनच साचा घेतल्याचा आरोप रॉदँ यांच्यावर झाला. त्यांनी नेटची छायाचित्रे पुराव्यादाखल सादर केली. सहकलावंतही पाठीशी उभे राहिले. अखेर १८८० मध्ये फ्रेंच सरकारने हे शिल्प विकत घेतले आणि त्याच वर्षी ‘नरकद्वार’ या भव्य शिल्पाचे काम रॉदँ यांच्याकडे सोपविले. दरम्यान, ‘सेंट जॉन द बॅप्टिस्ट’ त्यांनी मानवी देहाहून मोठा घडविला. साच्याच्या संशयाला त्यात जागाच नव्हती.