रुपयातला एक आणा

सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न झालं, तर होणाऱ्या मुलाच्या जनुकसंचाचा सरासरी सोळावा हिस्सा असा निघतो की तिथे आईकडून आलेली प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत या एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीच्या नकला असतात. जुन्या चलनात सांगायचं तर रुपयातला एक आणा. त्याचा हिशोब सरळ आहे. सामाईक आजा-आजीकडे प्रत्येक जनुकाच्या मिळून चार प्रती. त्यांतली एखादी ठरावीक प्रत तीन टप्प्यांनी पणतवंडापर्यंत उतरण्याची शक्यता एका बाजूने आठात एक, दोन्ही बाजूंनी चौसष्टात एक. आणि प्रती चार, म्हणून चौसष्टात चार. चुलत, मावस, आते, मामे, नातं कुठलंही असो, आणा तोच. मामा-भाचीच्या लग्नात दोन आणे. भिवंडीसारख्या गावात या हिशोबाचे सगळे नमुने शेजारी शेजारी राहतात. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर आणि त्यांच्याही आधीचे कोकणी मुसलमान, ज्यांच्या धर्मात चारही प्रकारची भावंडं लग्नाला चालतात. यंत्रमागावर आलेले तेलुगू पद्मशाली, ज्यांच्या मुलखात मामा-भाचीचं लग्न अनेक समाजांत रूढ. भावाची मुलगी सून करून आणण्यात आनंद मानणारी मराठी घरं. आणि सपिंड-सगोत्र टाळणारे उत्तरेकडचे हिंदू. इरावती कर्वे यांनी १९५३च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हटलं, ते अशा गावात नकाशा न उघडताही दिसतं.

हा आणा आला गोठ्यातून. सूअल राइट हा अमेरिकेच्या शेतीखात्यात काम करणारा शास्त्रज्ञ. जनावरांच्या वंशावळीतून रक्ताची जवळीक मोजण्याचं सूत्र त्याने १९२२ साली मांडलं आणि लगेच शॉर्टहॉर्न गायींना लावून पाहिलं. (त्याचे स्वतःचे आईवडील सख्ख्या भावंडांची मुलं होती, हा योगायोग चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे.) प्रश्न मात्र सूत्राहून जुना. चार्ल्स डार्विनचं लग्न मामेबहिणीशी झालेलं. त्याचा मुलगा जॉर्ज याने १८७५ साली इंग्लंडमधल्या अशा लग्नांचं प्रमाण काढण्यासाठी लग्नाच्या जाहिराती चाळल्या आणि नवरा-नवरीचं आडनाव एकच असलेल्या जोड्या मोजल्या. मोजणी कल्पक होती, पण धोका नेमका कशातून येतो हे त्याला सांगता येणं शक्य नव्हतं, कारण आनुवंशिकतेचे नियम सांगणारं मेंडेलचं काम अजून अंधारात होतं. ते कोडं १९०२ साली आर्चिबाल्ड गॅरडने सोडवलं. लघवी काळी पडणाऱ्या अल्काप्टोन्युरिया या विकाराच्या रुग्णांचे आईबाप वारंवार चुलत-मामे भाऊबहीण लागतात, हे त्याने दाखवलं. अर्थ असा की, नातं आजार निर्माण करत नाही. दोघांच्या अंगात निमूट बसलेली सदोष प्रत एकत्र येण्याची संधी ते वाढवतं.

ती किती वाढवतं, याचं उत्तर बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट आहे. सदोष प्रत समाजात शंभरात एक असेल, तर नात्याबाहेरच्या लग्नात दहा हजारांत एक मूल आजारी निघेल. चुलत-मामे भावंडांच्या लग्नात दहा हजारांत सात, म्हणजे सातपट. तीच प्रत दहात एक इतकी फैलावलेली असेल, तर शंभरावरून आकडा जातो दीडशेच्या थोडा पुढे, म्हणजे जेमतेम दीडपट. आजार जितका दुर्मीळ, तितका नात्याचा हात मोठा. म्हणून ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत आढळणाऱ्या सिकलसेलसारख्या रोगाला ‘नात्यात लग्न करू नका’ हा उपदेश फारसा पुरत नाही. जिथे वाहक गावभर आहेत, तिथे परका नवराही वाहक निघू शकतो. तिथे रक्त तपासावं लागतं, वंशावळ नाही.

यापुढचा महत्त्वाचा टप्पा परळमधला आहे. टाटा रुग्णालयात व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९४९ साली मुंबईतल्या सहा अंतर्विवाही, म्हणजे आपसांतच लग्न करणाऱ्या, गटांची सात आनुवंशिक लक्षणं मोजली. १९५६ साली संघवींनी सहकाऱ्यांबरोबर अशा बारा गटांतल्या नात्यातल्या लग्नांचं प्रमाण काढलं. या कामाने एक गोष्ट ठसवली. हिशोबाचं एकक घराणं धरून चालत नाही. लग्नाचं वर्तुळ धरावं लागतं. १९६८ साली इरावतीबाई आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली, तीही याच विचाराच्या वाटेवर. वरचं नाव एक असलं म्हणून रक्ताचं कूळ एक ठरत नाही.

राइटचं सूत्र कागदावरच्या वंशावळीवर चालतं आणि वंशावळ तीन-चार पिढ्यांत संपते. संगणकाने तो कागद बाजूला सारला. लँडर आणि बॉटस्टाइन यांनी १९८७ साली सुचवलं, की रुग्णाच्या जनुकसंचात दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असलेले लांबलचक पट्टे शोधा, दोषी जनुक बहुधा त्यांतच सापडेल. पुढे चाचण्या स्वस्त झाल्या, लाखो खुणा एकदम वाचता येऊ लागल्या, आणि ते पट्टे मोजणं हे सांख्यिकीचं रोजचं काम झालं. त्यातून एक निकाल आला, तो मला या सगळ्या कुळकथेत सर्वांत बोलका वाटतो. २००६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी नात्यात लग्नाची जुनी परंपरा असलेल्या समाजांतले, चुलत-मामे भावंडांच्या पोटी जन्मलेले रुग्ण तपासले. सूत्राप्रमाणे सव्वासहा टक्के जनुकसंच जुळायला हवा होता. निघाला सरासरी अकरा टक्के. मुलं रुग्ण म्हणूनच निवडलेली, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असणार. तरीही बाकीचा हिस्सा आईबापांच्या नात्याने उलगडत नाही. तो आला आजा-पणजांच्या, कुणाला आठवतही नसलेल्या लग्नांतून. घर फक्त आणा मोजतं. वर्तुळाने त्यात आधीच भर घातलेली असते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: अशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या झाली, मुलं धडधाकट आहेत. बहुसंख्य मुलं धडधाकटच असतात. ब्रॅडफर्ड या इंग्लंडमधल्या एकेकाळच्या कापडगिरण्यांच्या गावात सुमारे अकरा हजार बाळांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषाचं प्रमाण नात्यातल्या लग्नांत सुमारे तीन टक्क्यांवरून सहावर गेलं. याचाच अर्थ शंभरांतली चौऱ्याण्णव बाळं निर्दोष. आणि ही वाढ गरिबीमुळे नाही, हेही त्याच अभ्यासाने तपासलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार, आणि तो खुद्द संघवींनी १९६६ साली मांडला: दक्षिणेत शतकानुशतकं असं चालल्यामुळे घातक प्रती गळून गेल्या असतील. वेल्लोरच्या राव आणि इनबराज यांना तमिळनाडूत फारसा दुष्परिणाम दिसलाही नाही. पण ही गाळणी संथ असते, आणि मूल लहानपणीच दगावेल असे दोषच ती नीट गाळते. अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून बिटल्स आणि ब्लॅक यांनी २०१० साली काढलेला अंदाज असा, की चुलत-मामे भावंडांच्या लग्नांतल्या अपत्यांत लहानपणीच्या मृत्यूंचं प्रमाण शंभरामागे साडेतीनने जास्त असतं. परंपरेने धोका कमी झाला असेल, संपलेला नाही.

तिसरा आक्षेप सहसा आक्षेप म्हणून येत नाही, समाधान म्हणून येतो: ‘आमच्यात नात्यात करत नाहीत.’ २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ गटांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८१ गटांत थोड्या मूळपुरुषांपासून झालेल्या विस्ताराची खूण फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक होती, आणि हे दोन समाज तर आनुवंशिक आजारांच्या अभ्यासाचे नमुने मानले जातात. जातीत लग्न करणारा माणूस बहिणीशी लग्न करत नाही. तो अनेक वाटांनी दूरची बहीण लागणाऱ्या मुलीशी करतो. तेव्हा भिवंडीत एखाद्या वस्तीकडे बोट दाखवून ‘त्यांच्यात असंच चालतं’ म्हणणं शास्त्राच्या नावावर खपत नाही. शहाणपणाचा प्रश्न सगळ्यांना एकच विचारावा: लग्नाआधी दोघांनी थॅलसेमिया आणि सिकलसेल यांची तपासणी केली का? रक्ताच्या साध्या नमुन्यावर ती होते. पत्रिकेला वेळ देणाऱ्या घरांनी तीही करून घ्यावी.