जबलपूरचे दप्तर आणि काचेतले कॅडमियम

१९५६च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरचे उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचे होऊन जबलपूरला गेले. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या विषारी कचऱ्याबद्दलची जनहित याचिका २००४ साली तिथेच दाखल झाली. वायुगळती १९८४ची; ‘चार आठवड्यांत कचरा हलवा’ हा आदेश आला ३ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे गळतीला चाळीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी. १ जानेवारी २०२५च्या रात्री सुमारे ३३७ टन माल जाळण्यासाठी पिथमपूरकडे निघाला. मधला काळ रसायनशास्त्रापेक्षा दुसऱ्याच प्रश्नांनी खाल्ला: कचरा कोणाचा, जाळायचा कोणाच्या गावाशेजारी आणि खर्च कोणाच्या माथी? सौर पॅनेलांच्या कचऱ्याकडे वळण्याआधी हे दप्तर चाळायला हवे.

कॅडमियम टेल्युराइडची पॅनेले आपल्याकडे आली, त्यामागेही पर्यावरणाचा हिशेब नव्हता. २०१०च्या राष्ट्रीय सौर अभियानात देशी मालाची सक्ती सिलिकॉनच्या पॅनेलांना झाली, कॅडमियम टेल्युराइडसारखी पातळ थराची पॅनेले सुटली. त्या फटीतून, अमेरिकी निर्यात बँकेच्या स्वस्त कर्जावर, ती राजस्थान-गुजरातच्या उन्हात येऊन बसली. आता कोणी म्हणेल, भोपाळशी तुलना ही अतिशयोक्ती झाली. विषापुरती ती आहेच. या संयुगातले कॅडमियम मोकळे नसते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, १००० अंशांपुढे वितळते, आणि दोन काचांमध्ये सीलबंद असते. शिवाय कॅडमियम हे जस्ताच्या शुद्धीकरणातून निघणारच; ते पॅनेलात अडकवणे उघड्यावर टाकण्यापेक्षा बरे. जपानच्या जिन्झू नदीकाठी ‘इताई-इताई’ रोग पसरला तो खाणीच्या सांडपाण्यातल्या कॅडमियममुळे. पण हा सगळा युक्तिवाद पॅनेल अखंड असेपर्यंतचा आहे. भंगारवाल्याने काच फोडली, अ‍ॅल्युमिनियम काढले आणि उरलेला चुरा कचराडेपोत टाकला, तर सीलबंदपणाची हमी तिथेच संपते. पुनर्चक्रणाची विद्या आहे: फर्स्ट सोलर कंपनीने २००५ पासूनच जुनी पॅनेले परत घेण्याची योजना चालवली, आणि अर्धसंवाहक पदार्थाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग परत मिळतो, असे ती सांगते. त्या योजनेचे खरे शहाणपण मला यंत्रापेक्षा पैशात दिसते, कारण सुरुवातीला पुनर्चक्रणाचा खर्च विक्रीच्या वेळीच बाजूला काढला जाई. भोपाळला नेमके तेच नव्हते.

आपल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेले १ एप्रिल २०२३ पासून आली. उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंतचा कचरा साठवून ठेवावा, एवढेच ठळक बंधन त्यांत आहे. पण २०१२ साली बसवलेल्या पॅनेलाच्या आयुष्याची पंचवीस वर्षे २०३७ साली, म्हणजे त्या मुदतीनंतर, भरतात.