पाणचक्कीनं कोणाचं दळण दळलं?

घाटकोपरच्या आमच्या बचतगटांत मराठवाड्यातून आलेल्या बऱ्याच जणी आहेत. गिरणीच्या धंद्याचा विषय निघाला की हमखास औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीची आठवण निघते. आज तिचीच गोष्ट सांगते.

हे शहर मुळात खडकी नावाचं गाव. १६१० च्या सुमारास मलिक अंबरनं तिथं राजधानी वसवली. हा माणूस आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेला होता, पुढे निजामशाहीचा वजीर झाला. शहराला पाणी हवं म्हणून त्यानं जमिनीखालून नहर आणली. त्याच पद्धतीनं पुढे खाम नदीकाठी, सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाणी आलं. शहराबाहेरच्या डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून, कित्येक किलोमीटरवरून. उताराच्या जोरानं ते उंच भिंतीवर चढतं आणि धबधब्यासारखं हौदात पडतं. पाण्याच्या माऱ्यानं खालची लोखंडी पाती फिरतात, पात्यांबरोबर वरचा दगड फिरतो आणि पीठ पडतं. ना बैल, ना माणूस. हौदाच्या खाली मोठी खोली आहे. डोक्यावर पाणी असल्यानं ती भर उन्हाळ्यातही गार असते.

हे पीठ दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि फौजेसाठी असे. येणाऱ्या भुकेल्याला भाकरी मिळे, हे मोठंच काम. पण गावोगावच्या घरांतलं दळण काही त्या चक्कीवर गेलं नाही. तिथं बाई पहाटे उठायची, खुंटा धरायची आणि जात्याच्या तोंडात घास टाकत राहायची. पाणचक्की उभी राहिल्यावरही दोनशे वर्षं हेच चाललं. मग इंजिनाची, विजेची गिरणी गावात आली, तेव्हा कुठं हाताला उसंत मिळाली.

जात्यावर बसून बायांनी सासर, माहेर, भाऊ, विठोबा, सगळं ओव्यांत गायलं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांत फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पाणचक्की बांधणाऱ्यांची नावं इतिहासात आहेत. दळणाऱ्या बायांचा इतिहास या ओव्यांत आहे.

म्हणून गटात गिरणी, शेवयाचं यंत्र, काहीही घ्यायचं ठरलं की किमतीबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. यानं कोणाचे कष्ट वाचणार? आणि मालकी कोणाच्या नावावर राहणार? पुढच्या बैठकीला एखाद्या आजीलाही बोलवा. तिच्या ओव्या वहीत उतरवून घ्या, तिचं नाव, गाव घालून.